मॉरिस मायनरचे ड्रम ब्रेक घरी बसवताना

मॉरिस मायनरला एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) असतो आणि त्यातून निघालेली एकच लाइन चारही चाकांना जाते. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किट असतात, एक फुटलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. मायनरमध्ये ती सोय नाही. कुठल्याही एका चाकातलं बोटाएवढं रबर फाटलं की पेडल थेट जमिनीला टेकतं आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. त्यामुळे या गाडीचे ब्रेक स्वतः खोलायचे असतील तर खाली लिहिलेलं काम सावकाश, एका सुट्टीच्या दिवशी एकच अॅक्सल, असं करा. घाई असेल त्या दिवशी हात लावू नका.

सर अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने तीच ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून विकली. आपल्या ओळखीची अॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, म्हणजे मायनरची चुलत बहीणच. जुन्या अॅम्बॅसेडरवर काम केलेला मेकॅनिक तुमच्या गावात असेल, तर मायनरचे ड्रम उघडल्यावर तो बिचकणार नाही. 1962 पासून, म्हणजे 1098 सीसी इंजिन आल्यापासून, मायनरच्या पुढच्या चाकांना 8 इंची ड्रम आहेत. त्याआधी 7 इंची होते. सुटे भाग मागवताना हे आधी मोजून घ्या. साठ-सत्तर वर्षांत कुणी कुठला अॅक्सल कुठे बसवला असेल, ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

तयारी

गाडी सपाट, टणक जागेवर हवी. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक तिरका होतो, म्हणून खाली जाड प्लायवुडचा तुकडा टाका. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, तेव्हा गाडी फक्त या ठोकळ्यांवरच थांबलेली असते. जॅकने उचलून झालं की घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, आणि गाडी घोडीवर टेकवून हाताने जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालू नका.

पाने इंची लागतील. मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना ब्लीडर निपलवर (ब्रेकमधली हवा काढायच्या तोंडावर) चालवला की निपलचे कोपरे झिजतात, आणि ती निपल तुटली तर नवा सिलिंडर घेण्यावाचून इलाज नसतो. पान्यांशिवाय एक इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, एक लांब दांड्याचा मजबूत स्क्रू ड्रायव्हर, नाकवाली पक्कड, पारदर्शक रबरी नळी, काचेची बाटली, रबराचं लाल ग्रीस, जास्त तापमानाचं ब्रेक ग्रीस, भरपूर स्वच्छ सुती कापड आणि ब्रेक ऑइलचा नवा, सीलबंद डबा. कपाटात मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला डबा असेल तर तो वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डीओटी 4 ऑइल कोरडं असताना 230 अंश सेल्सिअसला उकळतं. तेच पाणी शोषल्यावर 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात उघडा डबा काय कमावत असेल याचा अंदाज त्यावरून करा.

पाणी नुसता उकळबिंदू खाली आणत नाही. ते ऑइलमध्ये मिसळून प्रत्येक चाकातल्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतं आणि आतून गंज धरवतं. आपल्याकडच्या मायनर वर्षातून दोन-तीन रॅलींना निघतात आणि एरवी झाकून उभ्या असतात. चालत्या टॅक्सीपेक्षा अशा उभ्या गाडीचे सिलिंडर लवकर जातात.

ड्रम काढणं

चाक काढा. ड्रम दोन स्क्रूंवर धरलेला असतो, त्यांची डोकी ड्रममध्ये बुडलेली असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावाल तर खाचा उडतील. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून दोन-तीन ठोके द्या, ते सुटतात. स्क्रू निघाले तरी ड्रम येत नसेल तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वक्र तुकडे) अजून त्याला चिकटलेले आहेत. ड्रमच्या भोकातून अॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ किंवा लांब नेणारे तुकडे) उलटे, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, पूर्ण मागे घ्या. पुढच्या चाकाला असे दोन अॅडजस्टर आहेत आणि ड्रमला भोक एकच, म्हणून एक सैल केला की ड्रम अर्धा फिरवून दुसरा शोधा. मग ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने सगळीकडून हलके टकटक करत बाहेर काढा.

आत काळी-करडी धूळ असेल. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याचा धागा फुफ्फुसात गेला की परत येत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका, तोंडाने तर मुळीच फुंकू नका. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून सगळं ओलं करा, ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. चांगला मास्क लावा आणि मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आता काहीही खोलण्याआधी फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि प्रत्येक स्प्रिंगच्या आकड्याचा जवळून. एका वेळी एकच बाजू उघडा. डावीकडे काम चालू असताना उजवीकडचं चाक जसंच्या तसं राहिलं पाहिजे. काही अडलं तर तिकडचा ड्रम काढून बघता येतो, फक्त ती बाजू आरशातल्यासारखी उलटी आहे हे लक्षात ठेवा.

पुढच्या चाकात काय काय आहे

बॅक प्लेटवर (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावर) दोन सिलिंडर आहेत, प्रत्येकात एक पिस्टन, आणि दोघांना जोडणारी बारीक नळी मागून जाते. प्रत्येक शूचं एक टोक एका सिलिंडरच्या पिस्टनवर टेकतं, दुसरं टोक दुसऱ्या सिलिंडरच्या बंद बाजूवर. गाडी पुढे जाताना ड्रमवरचा कुठलाही ठिपका आधी शूच्या पिस्टनकडच्या टोकापाशी येतो आणि मग बंद टोकाकडे जातो. त्यामुळे फिरणारा ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि पायाच्या जोरात आपली भर घालतो. पुढच्या चाकाचे दोन्ही शू असेच काम करतात, म्हणून एवढ्या लहान ड्रमांवर मायनर नीट थांबते. गाडी मागे जात असेल तर मात्र हा फायदा उलटा होतो, पुढचे ब्रेक ढिले वाटतात. उतारावर रिव्हर्स घेताना पेडल जास्त दाबावं लागतं, त्यात बिघाड काही नाही.

हे समजून घेतलं की जोडताना स्वतःच तपासणी करता येते. सगळं बसवल्यावर हब पुढच्या दिशेला फिरवून बघा आणि पिस्टन कुठल्या टोकाला आहे ते पहा. सिलिंडर काढले असतील आणि चुकून डावे-उजवे झाले असतील तर ते इथेच कळेल.

पिस्टन आणि शूच्या मध्ये मायक्रॅम अॅडजस्टर बसतो. दात असलेली छोटी चकती, आणि तिच्यावर पत्र्याची टोपी. फिरवलं की टकटक असे टप्पे लागतात. हा तुकडा शू काढताना हमखास जमिनीवर पडतो, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. अॅडजस्टर गंजून अडकला असेल तर तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोडल्यानंतर तो फिरला नाही तर ब्रेक जुळवताच येणार नाहीत आणि सगळं परत उघडावं लागेल.

सिलिंडरबद्दल निर्णय

शू काढल्यावर रबरी टोपीची कड उचलून बघा. आत ओलावा दिसला तर सील गेलं आहे. पेडल न दाबता पिस्टन हाताने बाहेर ओढा आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) कापडाने पुसून उजेडात धरा. आरशासारखा गुळगुळीत असेल तर नवं रबर किट पुरेल. नुसते डाग असतील तर बारीक होन (बोअर घासायचा दगड) मारून निघतात. पण नख फिरवताना अडकेल असा खड्डा असेल तर तो सिलिंडर ठेवू नका. होन मारून खड्डा काढायला गेलं की बोअर मोठा होतो आणि नवं सीलही गळतं. इथे मी कधीच तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका, कारण वर म्हटल्याप्रमाणे लाइन एकच आहे. नवा सिलिंडर मिळत नसेल तर चांगला लेथवाला पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह टाकून देतो.

रबरी भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत. ते फुगतात. ब्रेक ऑइलनेच धुवा किंवा स्पिरिट वापरा आणि पूर्ण वाळू द्या. सील बसवताना त्याची मोठी कड ऑइलच्या बाजूला, म्हणजे आत. पिस्टन बोअरमध्ये सरळ आणि फिरवत ढकला. तिरका घातला तर सीलची कड चिमटते, ते बाहेरून दिसत नाही आणि पंधरा दिवसांनी गळू लागतं. सीलला ब्रेक ऑइल लावा, टोपीच्या आत थोडं लाल ग्रीस. सिलिंडर बसल्यावर त्यावर रबरबँड किंवा तार गुंडाळा, म्हणजे शू चढवताना पिस्टन बाहेर उडी मारणार नाहीत. तांब्याचे वॉशर मात्र नेहमी नवे.

लवचिक होजकडेही बघा. बाहेरून भेगा दिसत असतील तर बदलायचेच. पण काही होज आतून सुजतात आणि बाहेरून ठणठणीत दिसतात. पेडल सोडल्यावरही एक चाक जड फिरत असेल आणि निपल थोडी उघडताच मोकळं होत असेल, तर ऑइल त्या होजमध्ये अडकून राहिलंय. होज खोलताना त्याचा षटकोन एका पान्याने घट्ट धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. होजला पीळ पडू देऊ नका.

चाक निघालेलंच आहे तर खालच्या ट्रनियनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्याला) ग्रीस मारा आणि त्यातला खुळखुळाट तपासा. मायनरची ही खरी दुखरी जागा. त्याचे आटे झिजून सुटले तर पुढचं चाक दुमडतं आणि गाडी नाकावर बसते.

शू आणि ड्रम

लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटचं डोकं लायनरच्या पातळीपासून किती खाली आहे ते पहा. मिलिमीटरभरही उरलं नसेल तर बदला. ब्रेक ऑइल किंवा अॅक्सलचं तेल पिऊन काळा-चकचकीत झालेला लायनर धुऊन, तापवून, पॉलिश पेपर मारून परत वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, ब्रेक गरम झाले की पुन्हा वर येतं, आणि गाडी एका बाजूला ओढते. शू नेहमी पूर्ण अॅक्सलचे, दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे. नवे शू मिळत नसतील तर जुन्या शूवर नवा लायनर लावून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. त्यांच्याकडून आल्यावर प्रत्येक रिव्हेट बोटाने चाचपून घ्या.

ड्रमच्या आत खोल चरे असतील तर लेथवर फिरवावा लागतो. दोन्ही बाजूंचे ड्रम सारखेच फिरवा. व्यासात एकूण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ झाली तर ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि शूचा गोलावाही त्याच्याशी जुळत नाही. काठावर झिजेची उंच कड तयार झालेली असेल तर ती मात्र काढून घ्याच. तडा बघायचा असेल तर ड्रम दोरीला टांगून हलका ठोका मारा: चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, फुटका बद्द आवाज देतो.

शू चढवणं

बॅक प्लेटवर जिथे जिथे शूची कड घासते तिथे चकाकणाऱ्या जागा दिसतील. त्या साफ करून प्रत्येकीवर ब्रेक ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जास्त लावलेलं ग्रीस गरम झाल्यावर लायनरवर जातं. याच कारणासाठी हात धुऊन या आणि लायनरला शक्यतो बोट लावू नका. कागदी चिकटपट्टी लावून ठेवलीत तर उत्तम, फक्त ड्रम चढवण्याआधी ती काढायला विसरू नका.

अॅडजस्टर पूर्ण आत घेऊन जागेवर ठेवा. दोन्ही शू जमिनीवर समोरासमोर मांडून स्प्रिंगा फोटोप्रमाणे त्यांच्या भोकांत अडकवा. स्प्रिंगा शू आणि बॅक प्लेट यांच्या मधल्या बाजूला येतात. पुढून लावल्या तर हबला घासतात. आता स्प्रिंगांसकट जोडी उचला आणि एक शू आपल्या दोन्ही जागांवर बसवा. दुसऱ्या शूचं एक टोक खाचेत टेकवा आणि दुसरं टोक लांब स्क्रू ड्रायव्हरने तरफ देऊन वर घ्या. स्प्रिंगचा जोर बराच असतो, सुटली तर थेट तोंडावर येते. चष्मा घाला आणि चेहरा स्क्रू ड्रायव्हरच्या रेषेतून बाजूला ठेवा. शू बसले की पिस्टनवरची तार काढा, अॅडजस्टर बोटाने फिरतो का ते पहा, आणि तळहाताने शू थोडे वर-खाली सरकवून मध्यावर आणा.

मागची चाकं

मागे प्रत्येक चाकाला एकच सिलिंडर आणि एकच अॅडजस्टर आहे, पण एक फरक आहे ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. हा सिलिंडर बॅक प्लेटला घट्ट आवळलेला नसतो. तो आपल्या खाचेत मागे-पुढे सरकतो. पिस्टन एका शूला ढकलतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सिलिंडरचं अंग सरकून दुसऱ्या शूला ढकलतं. खाच गंजली की तो अडकतो, मग एकच शू काम करतो आणि हँडब्रेकही धरत नाही. खाच घासून, ग्रीस लावून सिलिंडर बोटाच्या जोराने सरकतो याची खात्री करा. हँडब्रेकचा दांडाही याच सिलिंडरमधून जातो. त्याची पिन आणि धुळीचं रबर तपासा.

बॅक प्लेट तेलाने ओली असेल तर वास घ्या. डिफरेन्शियलच्या तेलाचा उग्र वास ब्रेक ऑइलपेक्षा सहज वेगळा ओळखता येतो. तसं असेल तर हबचं ऑइल सील आधी बदला, मग नवे शू.

जुळवणी आणि हवा काढणं

ड्रम आणि चाक लावा. भोकातून अॅडजस्टर घड्याळाच्या दिशेने फिरवा, चाक घट्ट अडकेपर्यंत, आणि मग एक टप्पा मागे. पुढे दोन्ही अॅडजस्टरना हेच. पेडल एकदा जोरात दाबून सोडा, म्हणजे शू आपली जागा घेतील, आणि पुन्हा जुळवा. किंचित घासल्याचा आवाज चालतो, चाक अडखळता कामा नये. हँडब्रेकच्या केबलला या सगळ्यानंतर हात लावा. शू जुळवण्याआधी केबल ताणली तर हँडब्रेक वर घट्ट लागतो, आणि आत शू अर्धवट लागलेलेच राहतात.

मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या आत आहे. गालिचा उचलला की झाकण दिसतं, त्याखाली ऑइल भरायचा बूच. या जागेत वर्षानुवर्षांची माती साचलेली असते. बूच उघडण्याआधी ती ब्रशने आणि ओल्या कापडाने इतकी साफ करा की कण पडणार नाही. एक वाळूचा दाणा मास्टर सिलिंडरचं सील फाडायला पुरे. आणि मास्टर सिलिंडर काढायची वेळ आली तर त्याचे बोल्ट टॉर्शन बारच्या (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळईच्या) आड येतात. नवशिक्याने ते काम एकट्याने अंगावर घेऊ नये.

हवा काढायला दोघं लागतात. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा: उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत डावं मागचं, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. निपलला नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने सावकाश दाबून ‘दाबलं’ म्हणायचं, तुम्ही निपल अर्धा फेरा उघडायची, बुडबुडे गेले की बंद करायची आणि मगच ‘सोडा’ म्हणायचं. निपल उघडी असताना पेडल वर आलं तर हवा परत आत. दर सात-आठ वेळा दाबल्यावर ऑइलची पातळी बघा. ती संपून मास्टर सिलिंडरने हवा ओढली तर पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात. बाटलीत आलेलं ऑइल परत ओतायचं नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, पुसून भागत नाही.

आता पायाने निदान करा. पेडल स्पंजासारखं वाटत असेल तर हवा उरली आहे. खूप खाली जाऊन लागतं, पण दोनदा दाबल्यावर वर येतं, असं असेल तर शूची जुळवणी राहिली. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. आणि पेडलला सुरुवातीची थोडी मोकळी चाल असलीच पाहिजे. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल गरम होऊन फुगलं की ब्रेक आपोआप लागू लागतात आणि चढावर गाडी जड होते.

रस्त्यावर

गाडी घोडीवरून खाली घ्या आणि इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. दुसऱ्या माणसाने चारही चाकांमागे आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवायचं. कुठेही ओल लागली तर गाडी हलवायची नाही. सगळं कोरडं असेल तर आवारातच चालण्याच्या वेगाने थांबवून बघा, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरला. एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही चाकांची जुळवणी सारखी करा. तरी ओढली तर ड्रम काढून लायनरवर ग्रीस गेलंय का पाहा.

नवा लायनर ड्रमशी पूर्ण टेकायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तेवढ्यात सौम्य ब्रेक लावत चालवा, आणि खंडाळ्याचा किंवा ताम्हिणीचा घाट तोपर्यंत टाळा. ड्रममधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही; उतारावर सतत पेडल दाबत गेलं की ड्रम तापून मोठा होतो, लायनरची पकड जाते. नंतरही घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर ड्रममध्ये पाणी शिरतं, म्हणून बाहेर आल्यावर मागे कोणी नाही हे बघून पेडल हलकं दाबत शे-दोनशे मीटर जा, म्हणजे लायनर वाळतो.

तीनशे किलोमीटर झाले की चाकं पुन्हा उचला आणि सहाही अॅडजस्टर नव्याने लावा. बहुतेक वेळा पुढच्यांना एखाद-दोन टप्पे लागतात. त्याच वेळी गालिचा उचलून ऑइलची पातळी बघा. शू बदलल्यावर ती फारशी उतरायला नको. उतरली असेल तर वरून भरून मोकळे होऊ नका, ते ऑइल कुठे गेलं ते शोधा. आणि दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सगळं ऑइल बदलून टाका, गाडी तेवढ्या काळात शंभर किलोमीटर फिरली असली तरी.